माझा तक्ता मी मागे घेते: महाराष्ट्र मंडळाच्या सभासदांना खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
आपले महाराष्ट्र मंडळ

विषय: 'भारतातील राहणीखर्च' हा तक्ता मागे घेण्याबाबत

स. न. वि. वि.

भारतात परतण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांसाठी आपल्या मंडळाने २०२३ च्या उन्हाळ्यात एक चर्चासत्र ठेवले होते, आणि दोन माणसांच्या महिन्याच्या खर्चाचा एक तक्ता त्या दिवशी मी पडद्यावर दाखवला होता. तो तक्ता नंतर मंडळाच्या गटात फिरला, तिथून दुसऱ्या शहरांतील मंडळांकडे गेला, आणि गेल्या दिवाळीत तर माझ्याच एका मावसबहिणीने तो मला 'बघ, किती छान मांडलंय' असे लिहून पाठवला. त्यावर माझे नाव राहिलेले नव्हते, पण रकाने माझेच होते. स्वतःचे घर असेल तर सांगली-कोल्हापूरसारख्या शहरात दोघांना महिना पन्नास हजार रुपयांत उत्तम राहता येते, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेपाचशे युरोंत, हा त्याचा निष्कर्ष होता. त्याखाली मी मोठ्या हौसेने लिहिले होते की इथे जर्मनीत एवढ्यात एका खोलीचे भाडेही भागत नाही. तो तक्ता मी या पत्राने मागे घेत आहे, आणि तो का मागे घ्यावा लागला हे सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे असे मला वाटते.

२००९ मध्ये जर्मनीत आल्यापासून माझी प्रत्येक भारतवारी दोन-अडीच आठवड्यांची, बहुधा डिसेंबरातली आणि एखाद्या लग्नाच्या आसपासची होती. अशा वारीत माणूस पाहुणा असतो. जे काय विकत घ्यायचे ते हौसेचे असते, जे नेहमीचे असते ते दुसरे कोणी तरी आणून ठेवलेले असते, आणि खिशातून निघालेल्या प्रत्येक नोटेचे मनातल्या मनात युरो होतात. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मात्र आईच्या उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधले सात आठवडे सांगलीत आणि मधले काही दिवस पुण्याला धाकट्या भावाकडे राहिले. घरात पाणी भरण्यापासून औषधांच्या दुकानातल्या उधारीपर्यंत सगळे माझ्या हातात आले, आणि पहिल्या पंधरवड्यातच तक्त्यातली एकेक ओळ निखळू लागली.

शस्त्रक्रिया मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात झाली. सांगली-मिरजेकडच्या माणसाला मिरजेचे दवाखाने म्हणजे काय हे सांगायला नको. कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात. बिल झाले एक लाख नव्वद हजार रुपये. इथल्या एका मैत्रिणीला फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे एकोणीसशे युरोसुद्धा नाहीत? काय स्वस्त गं!" तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिल्या, त्यामुळे हा आकडा एवढ्यावर राहिला हेही खरे. पण बिल भरायच्या खिडकीपाशी माझ्या शेजारी बाबा उभे होते, आणि त्यांचे उत्पन्न युरोत नाही.

बाबा एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागातून २००९ मध्ये निवृत्त झाले. त्यांना कर्मचारी पेन्शन योजनेचे, म्हणजे ज्याला सगळे ईपीएस-९५ म्हणतात त्याचे, महिन्याला २,१४० रुपये मिळतात. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. २००९ मध्ये जो आकडा ठरला तोच आजही पासबुकात येतो. उलट पुष्कळांना त्याहूनही कमी मिळत असल्यामुळे सप्टेंबर २०१४ पासून सरकारने किमान पेन्शन एक हजार रुपये केले, आणि ते किमान अजून एक हजारच आहे. याखेरीज आयुष्यभराच्या शिलकीतले चौदा लाख रुपये बाबांनी टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आहेत. ८.२ टक्के दराने त्यांना तिमाहीला २८,७०० रुपये व्याज येते. पेन्शन आणि व्याज मिळून महिन्याला पावणेबारा हजारांच्या आत. त्या हिशेबाने आईचा एक गुडघा म्हणजे सोळा महिन्यांचे संपूर्ण उत्पन्न झाले, आणि डावा अजून व्हायचाच आहे.

सरकारी योजनेचे काय, असे कोणी विचारील. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळते, आणि ही फार चांगली गोष्ट झाली आहे. आई एकोणसत्तर वर्षांची आहे. राज्याच्या योजनेच्या यादीत ते रुग्णालय नव्हते, आणि यादीतल्या रुग्णालयात आईला नेण्याची बाबांची तयारी नव्हती, कारण चालण्याचा प्रश्न होता आणि त्यांचा विश्वास एकाच डॉक्टरांवर होता. आता आपल्याकडचे पाहू. जर्मनीतल्या सार्वजनिक विम्यात असलेला माणूस रुग्णालयात दिवसाला दहा युरो भरतो, तेही वर्षाला जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांचे. त्यासाठी पगारातून महिन्याच्या महिन्याला मोठा हप्ता कापला जातो, त्याबद्दल आपण सगळेच कुरकुरतो, आणि निम्मा हप्ता मालक भरतो हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. माझ्या तक्त्यात 'आरोग्य' या ओळीपुढे १,५०० रुपये लिहिले होते. ते मी कुठून आणले हे आज मला आठवतही नाही.

पैसे शेवटी कुठून आले, हे सांगितल्याशिवाय ही हकिगत पूर्ण होणार नाही. मी घरी दर महिन्याला पंधरा हजार रुपये पाठवते, आणि तक्त्यातले किराणा, दूध, वीज, औषधे हे आकडे मी बाबांना फोनवर विचारून भरले होते. 'भागतं की आमचं' हे त्यांचे ठरलेले उत्तर. या वेळी रुग्णालयाच्या कागदपत्रांसाठी कपाट उघडले तेव्हा त्यांच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. कारखान्यातला माणूस, त्यामुळे रोजचा खर्च तारीखवार आणि अक्षर मोत्यासारखे. त्यात २०२२ च्या मध्यापासून दूध एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर आले आहे, दोनपैकी एक वर्तमानपत्र बंद झाले आहे, आणि मधेच एखाद्या डिसेंबरात अठरा दिवस दूध दोन लिटर, आंबा बर्फी, मटण, रिक्षा असा खर्च फुगून पुन्हा खाली येतो. ते अठरा दिवस म्हणजे मी. मी पाठवलेले पैसे त्यांनी जवळजवळ हात न लावता मुदत ठेवीत टाकले होते, 'गुडघ्याला लागतील' म्हणून, आणि गुडघ्यालाच ते लागले. म्हणजे ज्या राहणीखर्चावरून मी साठ कुटुंबांपुढे बोलले, तो राहणीखर्च काटकसरीचा होता, आणि ती काटकसर मी स्वस्ताई म्हणून मांडली होती.

आता दुसरी ओळ. 'घरकामाला आणि वेळप्रसंगी रुग्णाजवळ मदतनीस: सहज आणि स्वस्त उपलब्ध.' आईला घरी आणल्यावर आम्ही एका संस्थेमार्फत दिवसपाळीसाठी एक मावशी ठेवल्या. सकाळी आठ ते रात्री आठ, रोजचे सहाशे रुपये, त्यातले शंभर संस्थेचे. मावशी तासगावच्या बाजूच्या एका गावातून एसटीने येत. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, नाहीतर हे काम परवडलेच नसते असे त्या सांगत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईचा पाय शेकता शेकता त्यांनी मला विचारले, "ताई, तिकडं दूध केवढ्याला हाय लिटर?" मी म्हटले, शंभर रुपये धरा. त्यांचा हात थांबला. "आगं बाई! मग पोरं काय पित्यात तिकडली?" आणि थोड्या वेळाने, अगदी मनापासून, "कशाला ऱ्हाता तिथं? इथंच या की."

मावशींना माझी कीव आली होती. त्यांनी माझ्या दुधाला आपल्या पगाराने मोजले, जसे मी इतकी वर्षे त्यांच्या दुधाला माझ्या पगाराने मोजत आले होते; चूक एकच, फक्त दिशा उलटी. त्या रात्री मी बाबांच्याच वहीच्या मागच्या पानावर नवा हिशेब मांडला, युरो आणि रुपये दोन्ही बाजूला ठेवून, निव्वळ वेळाचा. मावशींच्या हातात बारा तासांचे पाचशे रुपये पडतात, म्हणजे तासाला बेचाळीस. जर्मनीत कायद्याने ठरलेले किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होते आणि जानेवारी २०२६ पासून ते १३.९० झाले आहे. एक लिटर दूध इथे साधारण एक युरोला येते. किमान वेतनावरच्या माणसाला त्यासाठी पाच मिनिटेही काम करावे लागत नाही, आणि कर व विमा कापून हाती येणारी रक्कम धरली तरी सहा-सात मिनिटे पुरतात. साठ रुपयांच्या लिटरभर दुधासाठी मावशींना जवळजवळ दीड तास लागतो. लिटरभर पेट्रोल इथे तेव्हा सुमारे १.७० युरो, म्हणजे सात-आठ मिनिटे. सांगलीत एकशे पाच रुपयांच्या घरात, म्हणजे मावशींचे अडीच तास, त्यामुळे त्यांचा मुलगा दुचाकी असूनही त्यांना स्टँडवर सोडायला येत नाही. किलोभर तूरडाळ तीन तास. घरगुती गॅसची टाकी साडेआठशेच्या पुढे, म्हणजे पावणेदोन दिवस, रोज बारा तास उभे राहून.

हे वाचून आपल्यातले अर्थशास्त्र जाणणारे सभासद क्रयशक्ती समतेची आठवण करून देतील, आणि चर्चासत्रात मीही ती करून दिली होती. जागतिक बँकेच्या हिशेबाने अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू आणि सेवा येतात तेवढ्यांना भारतात साधारण वीस-एकवीस रुपये पुरतात, मग बाजारात डॉलर नव्वद रुपयांना का असेना. आकडा बरोबर आहे. पण तो सरासरीचा आकडा आहे, आणि ती सरासरी खाली कोण ओढते हे पाहिले पाहिजे. पेट्रोल, मोबाइल, लॅपटॉप, खाद्यतेल, कृत्रिम सांधे यांच्या किमती जगाच्या बाजाराशी बांधलेल्या असतात; स्वस्त असतात त्या न्हाव्याच्या, शिंप्याच्या, मोलकरणीच्या, रिक्षाच्या सेवा, कारण त्यांत मुख्यतः माणसाचा वेळ असतो आणि गरीब देशात त्या वेळाला मोल कमी. बलासा आणि सॅम्युएल्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये आपापल्या लेखांत हे उलगडून दाखवले होते. तेव्हा 'भारतात राहणे स्वस्त आहे' या वाक्याचा साध्या मराठीत अर्थ असा होतो, की तिथे आपली कामे करणाऱ्यांना थोडे पैसे द्यावे लागतात. हे वाक्य मी माईकवरून या शब्दांत म्हटले असते का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे.

शिवाय 'साधी राहणी' म्हणून मी जे पन्नास हजार लिहिले तेही तपासून पाहावे. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भागातला माणशी सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागातला ४,१२२ रुपये आला आहे. माझी साधी राहणी माणशी पंचवीस हजारांची होती. शहरी सरासरीच्या साडेतीन पट.

पुण्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आपल्या सर्वांना माहीत असूनही आपण तक्त्यात घेत नाही. 'स्वतःचे घर असेल तर' या चार शब्दांत मी ती गुंडाळून ठेवली होती. माझा भाऊ वाकडला राहतो. २०२३ मध्ये त्याने बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ब्याऐंशी लाखांचा दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला. सात टक्के मुद्रांक शुल्क, पाच टक्के जीएसटी आणि नोंदणीचे तीस हजार मिळून किमतीवर आणखी दहा लाख चौदा हजार रुपये गेले. पासष्ट लाखांच्या कर्जाचा हप्ता छप्पन्न हजारांवर आहे आणि हाती पगार पंचाण्णव हजार येतो. मुलीच्या शाळेचे वर्षाला एक लाख तीस हजार, उन्हाळ्यात टँकर आले की सोसायटीची वाढीव वर्गणी, हे त्यानंतरचे. तो कमी कमावत नाही. तरीही माझ्या तक्त्यातले पन्नास हजार त्याच्या हातात कधीच शिल्लक नसतात, आणि 'तुमचं काय बाबा, भारतात सगळं स्वस्त' हे वाक्य मी त्याला दरवर्षी ऐकवत आले, ते त्याने भाऊबीजेच्या दिवशी हसत हसत मला परत ऐकवले.

त्याच्या इमारतीत संध्याकाळी अनेक खिडक्या अंधाऱ्या असतात. त्यातल्या काही तरी परदेशस्थांच्या आहेत, असे तिथला वॉचमनही सांगतो. पुण्यातल्या घरांचे भाव आपल्यामुळेच चढले असा आरोप मी करणार नाही. त्याची कारणे पुष्कळ आहेत. परंतु २०२३-२४ मध्ये परदेशांतून भारतात आलेल्या ११८.७ अब्ज डॉलरमध्ये सर्वांत मोठा वाटा, सुमारे साडेवीस टक्के, महाराष्ट्राचा होता असे रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत दिसते, आणि या पैशाची ताकद आपण काही न करता वाढत गेली आहे. मी आले तेव्हा युरो सत्तर रुपयांच्या आत होता, आज शंभराच्या पुढे आहे. रुपया घसरला की आपल्याला भारत स्वस्त झाल्याचा भास होतो. वाकडच्या फ्लॅटसाठी रांगेत आपल्यामागे उभ्या असलेल्या शिक्षकाला मात्र तसे काहीच जाणवत नाही.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट मला प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्यांची इथली पेन्शन पुढे भारतात मिळणार आहे (आणि मे २०१७ पासून लागू झालेल्या दोन देशांच्या सामाजिक सुरक्षा करारामुळे ते आता सोपे आहे), त्यांच्यासाठी भारत स्वस्तच राहील. मीही बहुधा त्यांच्यातच असेन. परंतु चर्चासत्राला आलेल्यांत अर्ध्याहून अधिक जण रुपयातल्या नोकरीवर परत जाऊ पाहणारे होते, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांनी त्या तक्त्यावरून आई-वडिलांना किती पाठवायचे ते ठरवले, असे मला नंतर कळले. या दोघांसाठीही तो निरुपयोगी होता, दुसऱ्यांसाठी तर घातक.

म्हणून कार्यकारिणीस माझी विनंती अशी आहे. मंडळाच्या संग्रहातून तो तक्ता काढून टाकावा आणि ज्या मंडळांकडे तो गेला त्यांना हे पत्र पाठवावे. पुढचे चर्चासत्र होईल तेव्हा मंचावर आपल्यापैकीच कोणाला बसवण्याऐवजी भारतात परत जाऊन किमान तीन वर्षे रुपयातल्या पगारावर राहिलेल्या एका तरी कुटुंबाला व्हिडिओवर बोलवावे. असे चार जण मला माहीत आहेत आणि मी त्यांना विचारायला तयार आहे. गणेशोत्सवात बांधकाम व्यावसायिकांना मांडव दिला जातो आणि त्या बदल्यात सभागृहाचे भाडे निघते, हे मला ठाऊक आहे. तो मांडव बंद करावा असे माझे मत आहे, आणि त्यामुळे वर्गणी माणशी आठ-दहा युरो वाढणार असेल तर ती वाढवावी. यावर मतभेद होतील. ते सर्वसाधारण सभेत होऊ द्यावेत.

सभासदांकडे मागणे आणखी लहान आहे. ज्यांच्या घरी आई-वडिलांजवळ कोणी मावशी, काका, आया आहेत त्यांनी पुढच्या फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात: आपण देतो त्यातले त्यांच्या हातात किती पडते, आणि त्यांना आठवड्याची सुट्टी आहे का. आमच्या मावशींना नव्हती. संस्थेच्या नियमात ती बसत नाही असे सांगण्यात आले, तेव्हा आम्ही रविवारची बदली बाई वेगळी शोधली आणि मावशींचा रविवार पगारी धरला. त्याचे महिन्याला दोन हजार चारशे रुपये जास्त जातात. पहिल्या रविवारी त्या तरीही सव्वाआठला दारात उभ्या होत्या, सुट्टी म्हणजे काम गेले असे समजून.

आणि घरच्यांचा खर्च विचारताना 'भागतं का' असे विचारू नये. दूध किती घेता, असे विचारावे.

सुधारित तक्ता मी करत आहे. त्यात प्रत्येक वस्तूपुढे तिथल्या चार निरनिराळ्या माणसांना ती मिळवायला किती तास लागतात एवढाच रकाना असेल: रुग्णाजवळ बसणाऱ्या मावशी, खासगी शाळेतले शिक्षक, माझ्या भावासारखा नोकरदार आणि ईपीएस-९५ चा पेन्शनर. मावशींचे आणि पेन्शनरचे आकडे माझ्याकडे आहेत, भावाने त्याचे द्यायचे कबूल केले आहे. शिक्षकांचे हवे आहेत. ज्यांच्या घरात कोणी विनाअनुदानित शाळेत शिकवत असेल त्यांनी प्रत्यक्ष हातात पडणारा पगार विचारून मार्चच्या सभेपूर्वी माझ्याकडे पाठवावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
२००९ पासूनची एक सभासद
जानेवारी २०२६